एक वाटी तेलाच्या बरोबरीला चार वाट्या पाणी

अकरावी बरणीही फुगलेलीच निघाली. संतोषने झाकणावर अंगठा दाबला. झाकण टक् करून खाली गेलं आणि अंगठा काढल्याबरोबर परत वर आलं. मी एक बरणी उघडली. फुस्स झालं आणि मिरचीचा ठेचा बुडबुड्यांसकट काठापर्यंत चढला. वास आंबलेल्या पिठासारखा.

"काकू, हा ठेचा हाय का सोडा वॉटर?" संतोष म्हणाला.

कोणी हसलं नाही. टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. संतोष कारखान्याचा मालक. मी टेस्टिंगवाली. शकुंतला पॅकिंगवाली. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली इंदू. हा अख्खा लॉट तिने कालवलेला.

"पुण्याचा डिस्ट्रिब्युटर म्हणून राह्यला, आख्खा लॉट वापस घ्या," संतोष म्हणाला. "दोन वर्षांत एक बरणी वापस न्हाई आली आपली. आता एकदम काय झालं?"

शकुंतला हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. "हाताचा गुण असतो भाऊ. मी काय कोणाचं नाव घेत न्हाई."

नाव घ्यायची गरजच नव्हती. दाराकडे बघितलं तर चौकट रिकामी.

आता आधी मी कोण आणि हा ठेचा कुठला ते सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. मी दहावी नापास. जालन्याच्या एमआयडीसीत एका तेल रिफायनरीच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले आणि बाटल्या धुता धुता साहेबांच्या मागे उभी राहून टेस्टिंग शिकले. शेवटची कितीतरी वर्षं तेलाच्या प्रत्येक टँकरचं ॲसिड मीच तपासायची. रिटायर झाले तेव्हा वाटलं आता नातवंडं आणि टीव्ही. पण पिंपळगाव रेणुकाईकडच्या रस्त्याला संतोषने ठेच्याचं युनिट टाकलं. तो माझ्या पुतण्याचा दोस्त. घरी येऊन म्हणाला, "काकू, तुम्हाला टेस्टिंगची ती ब्युरेटची नळी धरता येते. या ना." पिंपळगावची मिरची सगळ्या मुलखात जाते, तिथे मिरचीची कमी नाही. मी गेले. आठवड्यातून तीन दिवस जाते.

ठेचा मशिनीत कुटतात, पण मीठ, लसूण, लिंबाचा रस आणि तेल मोठ्या स्टीलच्या टबात हाताने कालवतात. कोपरापर्यंत हातमोजे घालून. ते काम इंदूचं. पन्नाशीला आलेली बाई. बोलायला कमी, कामाला चोख. हातमोज्याला बारीकसं भोक दिसलं तरी बदलणारी. तिच्यासारखा एकजीव ठेचा कोणाचा होत नाही.

मी मागच्या पडवीत गेले. इंदू हातमोजे धुऊन दोरीवर घालत होती. टाकून द्यायचे हातमोजे. ते कोणी धुतं का?

"काय करून राह्यली इंदू?"

"सोमवारपासून मी येत न्हाई काकू. हे कोणाला तरी कामी येतील."

"कामून?"

तिने शेवटचा मोजा पिळून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "माझा हातच नासका हाय. आमच्या आत्याबाई, म्हंजी सासूबाई, लग्नाच्या पहिल्या वर्षीच म्हनल्या होत्या. मी कैरीचं लोणचं घातलं आन त्याच्यावर बुरा आला. तवापासून मला लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला न्हाई. अठ्ठावीस वर्षं झाली. उन्हाळ्यात जावा लोणचं घालायच्या आन मी अंगणात शेळ्या बघत बसायची. इथं आले, तुम्ही लोकांनी टबात हात घालू दिला. दोन वर्षं काही झालं न्हाई. मला वाटलं गेला तो दोष."

"अगं, कोपरापर्यंत हातमोजे असतात तुझे. त्यातून गुण कसा जाईल?"

"गुण काय मोजे बघून जातो का काकू?"

मी तिचा खांदा धरला आणि एवढंच म्हणाले, "सोमवारपर्यंत थांब. मला बघू दे." ती मान हलवून थांबली. शुक्रवार होता.

मग मी लॅबमध्ये बसले. लॅब म्हणजे काय, एक ओटा, एक बेसिन आणि एक काचेचं कपाट. सगळ्यात आधी आंबटपणा तपासला, ज्याला पीएच म्हणतात. बराबर. मीठ तपासलं. बराबर. बरण्या उकळल्याची नोंद होती. झाकणांचा लॉट जुनाच. सोडियम बेंझोएट मीच वजन करून दिलेलं, काट्यावर चुकायचा प्रश्न नाही.

हे बेंझोएट म्हणजे टिकायला टाकायची पांढरी पावडर. घरच्या लोणच्याला ती लागत नाही कारण घरी आपण मिठाचा हात सैल सोडतो. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला कमी मीठ हवं. मीठ कमी केलं की दुसरा राखणदार ठेवावा लागतो. ही पावडर आंबट ठेच्यात पडली की तिचं बेंझोइक ॲसिड होतं, आणि ते ॲसिड यीस्टला वाढू देत नाही. यीस्ट म्हणजे पीठ आंबवतं ते. किती टाकायचं याला कायद्याची हद्द आहे, त्याच्यावर एक चिमूटही नाही.

सगळं बराबर आणि माल खराब. असं झालं की मी कागद सोडते आणि वस्तू बघते. प्रत्येक लॉटची एक बरणी आम्ही कपाटात राखून ठेवतो. जुन्या लॉटची बरणी काढली, फुगलेल्या लॉटची तिच्या शेजारी ठेवली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

जुन्या बरणीत तेल ठेच्यात मुरलेलं, वर नुसती चमक. नव्या बरणीत ठेचा तेलात डुंबत होता. दोन बोटं तेल वर.

बॅच शीट बघितलं. तेलाचा आकडा दोन्हीकडे तोच.

आणि मग मला आठवलं. आठवलं तसं मी स्टुलावर बसूनच राहिले. दीड महिन्यापूर्वी पुण्यावाल्याने तक्रार केली होती की ठेचा वरून कोरडा पडतो, काळा दिसतो. संतोषने मला विचारलं. मी लॅबमधून बाहेरही आले नव्हते. दारातूनच ओरडून सांगितलं, "अरे, तेल वाढवा की! घरी नाही का आपण लोणच्यावर बोटभर तेल ठेवत? तेल जितकं जास्त तितकं टिकतं." बायकांनी ऐकलं. शीटमधलं तेल आधीसारखं मोजून टाकलं आणि वरून आणखी जगने ओतून कालवलं. वरचं तेल कोणी मोजलं नाही. कोणी लिहिलं नाही. लिहा म्हणून मीही सांगितलं नाही.

घरचं लोणचं मिठावर टिकतं आणि तेल वरून हवा अडवतं, म्हणून घरी ते खरं आहे. इथे राखणदार मीठ नव्हतं, ॲसिड होतं. आणि ॲसिडला तेल काय करतं हे मला, आयुष्य तेलात काढलेल्या बाईला, कळायला पाहिजे होतं.

आमच्या रिफायनरीचे केमिस्ट साहेब समजावून सांगायचे. तेल आणि पाणी एका भांड्यात ठेवलं, त्यात एखादं ॲसिड टाकून हलवलं, की ते ॲसिड दोघांत वाटलं जातं. ही वाटणी मनमानी नसते. प्रत्येक ॲसिडचं प्रमाण आपलं आपलं असतं. व्हिनेगरचं ॲसिड जवळजवळ सगळं पाण्यालाच धरून राहतं. तेल खवट झाल्यावर जे ॲसिड सुटतं ते तेल सोडत नाही. बेंझोइक मधलं, पण तेलाकडे ओढा जास्त. ते प्रमाण एकदा मोजून काढलं, की तेल किती आणि पाणी किती एवढं सांगा, ॲसिड कुठे किती असेल ते कागदावर आधीच लिहून देता येतं. साहेब त्याला पार्टिशन कोइफिशंट म्हणायचे. मी त्याला वाटणीचा आकडा म्हणते.

यीस्ट राहतं पाण्यात. मिरचीच्या, लिंबाच्या रसात. तेलात गेलेलं ॲसिड त्याचं काही वाकडं करू शकत नाही. राखणदार पगारावर आहे, पण शेजारच्या वाड्यात जाऊन बसलाय, तसलं ते.

आता हा आकडा मोजायचा. त्यासाठी सेपरेटिंग फनेल लागतं, म्हणजे पेरूच्या आकाराचं काचेचं भांडं, वर बूच, खाली तोटी. त्यात पाणी आणि तेल घालून पाच-दहा मिनिटं हलवायचं. मग ठेवून द्यायचं. तेल वर जातं, पाणी खाली बसतं, तोटीतून पाणी तेवढं काढून घ्यायचं. पण माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. वेणी घालताना जीव जातो, फनेल काय हलवणार?

मी इंदूला हाक मारली.

"हे हलव जरा."

तिने दोन्ही हात पदरामागे घेतले. "नका काकू. तुमची परीक्षा नासन."

"अगं, यात खायचं काही नाही. पाणी, तेल आणि ॲसिड."

"शकुंतलाला बोलवा ना."

"शकुंतलाला बोलावलं तर ती ठेच्याऐवजी माझ्या सुनेबद्दल विचारत बसेल. आणि हे बघ, ॲसिडला कोणाचा हात कळत नाही. ते आकड्यावर चालतं. तू हलव, कलेक्टर हलवू दे, उत्तर एकच येणार. न आलं तर मी मान्य करीन तुझा हात नासका म्हणून. चालेल?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पक्कं?"

"पक्कं."

खरं सांगते, मनातून मी घाबरले होते. तोंडाने बोलून गेले होते, पण चाचणी माझीच चुकली असती तर त्या बाईच्या कपाळी मी कायमचा शिक्का मारला असता.

पाण्यात बेंझोइक ॲसिड विरघळवलं. तेल न घालता शंभर मिली पाण्याचं आधी टायट्रेशन केलं. टायट्रेशन म्हणजे रेघांच्या लांब नळीतून, त्या ब्युरेटमधून, अल्कलीचं पाणी थेंब थेंब सोडायचं. ॲसिड संपलं की पाणी एकदम गुलाबी होतं. जेवढं अल्कली लागलं तेवढं ॲसिड होतं असं समजायचं. वीस मिली लागलं.

मग त्याच ॲसिडचं तेवढंच पाणी आणि तेवढंच तेल फनेलमध्ये घातलं. आमचं नेहमीचं सोयाबीनचं रिफाइंड. इंदूने हलवलं. बाई कामाला जोरकस, तिने ताक घुसळल्यासारखं घुसळलं, आणि आत सगळं दूध होऊन गेलं. तेल वेगळं होईना, पाणी वेगळं होईना.

इंदूचा चेहरा पडला. "बघा. म्हनलं नव्हतं मी?"

"काही झालेलं नाही. जोर जास्त झाला. पाळण्याला झोका देतात तसं द्यायचं, मी सांगायला विसरले. उद्यापर्यंत ठेवू, बसेल खाली."

"बसन?"

"बसेल."

शनिवारी सकाळी संतोष माझ्या आधी लॅबमध्ये उभा. "काकू, हे दूध कशाचं?"

"आता दूध नाही ते. वाकून बघ." खालचं पाणी नितळ झालं होतं. इंदू माझ्या मागून वाकली आणि तिने मोठा श्वास सोडला, माझ्या मानेला लागला तो.

खालचं पाणी काढलं, टायट्रेशन केलं. वीसच्या जागी तीन पॉइंट आठ लागलं. म्हणजे ॲसिडच्या वीस भागांतले सोळाच्या वर तेलात गेले, चाराच्या आत पाण्यात राहिले. वाटणीचा आकडा आला चारच्या थोडा वर. मी चार धरला.

"आता इंदू, तू हिशोब कर," मी म्हणाले.

"मला काय येतं काकू? मी चौथी."

"वाट्यांचा हिशोब आहे. या ॲसिडला एक वाटी तेल म्हणजे चार वाट्या पाण्याइतकं. आधी आपल्या ठेच्यात पाणी चार वाट्या होतं आणि तेल एक वाटी. सांग."

ती बोटं मोजायला लागली. "एक वाटी तेल म्हंजी चार पाणी. हे चार आन ते चार, आठ. पाण्याला निम्मं. आठ आणे."

"बराबर. आता नव्या बरणीत तेल तीन वाट्या झालंय. मी उंची मोजली."

"तीन वाट्या तेल म्हंजी बारा. बारा आन चार सोळा." ती थांबली. "पाण्याला चारच आणे राह्यले?"

"आणि बेंझोएट तेवढंच. आपण ते मिरचीच्या वजनावर टाकतो, तेल वरून येतं."

संतोष ओट्याला टेकून ऐकत होता. "कागदावर सगळंच जमतं काकू. खरं होतं का हे?"

"म्हणून तर आधी लिहून ठेवते." मी पाटीवर लिहिलं. चाराला एक तेल घालून हलवलं तर दहा मिली लागेल. चाराला तीन घालून हलवलं तर पाच. मग इंदूने दोन्ही फनेल हलवली. या वेळी अगदी झोका दिल्यासारखी, ओठ मिटून. पाणी बसायला दुपार झाली. मी पहिल्याचं टायट्रेशन केलं, नऊ पॉइंट आठला गुलाबी झालं. दुसऱ्याच्या वेळी चारच्या पुढे गेल्यावर मी तोटी जवळजवळ बंद केली. एक थेंब. अजून एक. चार पॉइंट सातला पाणी गुलाबी झालं आणि तसंच राहिलं.

इंदू पाटीकडे बघत होती, मग फ्लास्ककडे, मग स्वतःच्या हातांकडे.

"आलं की हो," ती म्हणाली.

संतोषने मात्र मान हलवली. "काकू, मला पटलं. पण बाहेर बायका काय बोलून राह्यल्या ते तुम्हाला माहीत हाय. पाण्याचा गुलाबी रंग त्यांना दाखवून काय उपयोग? आन तेल वाढवा म्हणून बोललं कोण, हा पण प्रश्न हाय. पुण्यावाल्यावर ढकलू आपण."

इथे मला वाट मोकळी होती. पुण्यावाला लांब. तो काही इंदूच्या गावात राहत नाही, त्याला कोणी नासका म्हणणार नाही. क्षणभर मलाही ते सोयीचं वाटलं, हेही लिहायला पाहिजे.

मग बाहेर हॉलमध्ये गेले. बायका लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हणाले, "ऐका गं. ठेचा नासला तो माझ्या सांगण्यामुळे. तेल वाढवा असं मी बोलले. विचार न करता बोलले, मोजायला सांगितलं नाही. इंदूचा यात काही संबंध नाही."

सगळ्या बघत राहिल्या. शकुंतला म्हणाली, "काकू, तुम्ही मोठ्या मनाच्या, म्हणून तिच्यावरचं स्वतःवर घेऊन राह्यल्या."

बघा आता! खरं बोललं तर तो मोठेपणा ठरतो. मला रागही आला आणि हसूही.

"बरं," मी म्हणाले, "मग बरण्याच सांगतील. संतोष, हातमोजे घाल."

"मी?"

"तूच. मालकाच्या हाताला तर दोष नसेल ना, शकुंतला?"

"छ्या, भाऊच्या हाताला कशाचा दोष?" शकुंतला म्हणाली.

सोमवारी एकाच मिरचीचे, एकाच दिवशीचे तीन टब भरले. पहिला इंदूने कालवला, जुन्या मापाचं तेल. दुसरा इंदूने, वाढीव तेल. तिसरा संतोषने, वाढीव तेल. त्याला लसूण डोळ्याला लागला, हातमोज्यात घाम आला, आणि "हे रोज कसं करता तुम्ही?" असं त्याने दोनदा विचारलं. प्रत्येक टबाच्या चार-चार बरण्या भरल्या. मी एका कागदावर लिहिलं: पहिल्या टिकतील, दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही फुगतील. खाली सही केली आणि शकुंतलाच्या हातात दिला. तिने तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. बरण्या गरम कपाटात ठेवल्या. त्यात उन्हाळ्याइतकी ऊब असते, दुकानात महिन्यात होतं ते तिथे लवकर होतं.

ते दिवस इंदू कामावर येत राहिली, पण टबाकडे गेली नाही. देठं खुडत बसायची. मीही त्या दिवसांत रोज जायची. ती सकाळीच लॅबच्या दाराशी येऊन विचारायची, "झालं का काही?" मी म्हणायची, "अजून नाही." ती मान हलवून जायची. मला तेव्हा कळलं, या बाईला उत्तर हवं होतं आणि उत्तराची भीतीही होती. अठ्ठावीस वर्षं एक गोष्ट खरी धरून जगलेली बाई. ती खोटी निघाली तर तेवढ्या सगळ्या उन्हाळ्यांचं काय करायचं, हाही प्रश्न असतो.

दहाव्या दिवशी कपाट उघडलं तर तिसऱ्या गटातल्या दोन बरण्यांची झाकणं वर आलेली. मालकाच्या हातच्या. दुसऱ्या दिवशी इंदूच्या वाढीव तेलाच्या बरण्या फुगल्या. पहिल्या चारी बरण्यांची झाकणं सपाट. अंगठा दाबला तरी हलली नाहीत. आणखी आठवडाभर ठेवल्या, तशाच राहिल्या.

मी शकुंतलाला कागद काढायला सांगितला. तिने वाचला, बरण्या बघितल्या, परत कागद वाचला. मग संतोषकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमच्याच हाताला गुण न्हाई की हो!"

हॉलभर हसू झालं. संतोषही हसला. "उद्यापासून मी अंगणात शेळ्या राखतो," असं बोलून गेला बिचारा. त्याला इंदूची गोष्ट ठाऊक नव्हती. मी इंदूकडे बघितलं. वाटलं, लागलं असेल हिला. पण ती हसत होती. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसत होती, आणि हसता हसताच डोळे पुसत होती. शकुंतला उठली, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पुढ्यातली मिरची ओढून देठं खुडायला लागली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. आमच्याकडे ती अशीच मागतात.

मग राहिला पुण्यावाला. त्याला वर चमक हवी होती. तेल कमी केलं तर ठेचा पुन्हा कोरडा दिसणार, बेंझोएट वाढवायला कायद्याची परवानगी नाही. मी परत वाटणीच्या आकड्याकडे गेले. जे ॲसिड तेलाकडे जात नाही ते वापरायचं. लिंबाच्या रसातला थोडा भाग काढून त्या जागी व्हिनेगर घातलं. ते पाण्यातच राहतं, जिथे कामाची जागा आहे तिथेच. लिंबूही पाण्यात राहतं, पण यीस्टला व्हिनेगरइतकं अडवत नाही. तेल चाराला एकपेक्षा थोडं जास्त ठेवलं, पण मोजून. परत बरण्या भरल्या, परत गरम कपाट, परत थांबणं. टिकल्या. चव जराशी वेगळी झाली. पुण्यावाला फोनवर म्हणाला, "मॅडम, आधीपेक्षा चटकदार लागतोय." मी म्हणाले, "असू द्या." जुना लॉट आम्ही सगळा परत आणून खड्ड्यात घातला.

इंदू आता कालवण्याबरोबर फनेलही हलवते. ब्युरेटची तोटी तिला अजून जमत नाही, एक थेंब जास्त पडतो आणि गुलाबीचा गडद राणी रंग होतो. जमेल. मलाही दोन वर्षं लागली होती. परवा ती म्हणाली, "काकू, या साली घरी लोणचं मी घालनार. आत्याबाईंना सांगितलं." मी विचारलं, त्या काय म्हणाल्या? "म्हनल्या, घाल. मीठ मात्र मी टाकीन." मी म्हणाले, टाकू दे. मिठावरच टिकतं ते.

बॅच शीटवर आता एक नवी ओळ आहे: 'वरून घातलेलं तेल, किती.' त्या ओळीत आकडा नसेल तर मी लॉट पास करत नाही. आणि लॅबच्या दारातून ओरडून सल्ला द्यायचं मी बंद केलंय. काही सांगायचं असलं तर उठते, टबापर्यंत जाते, हातात माप घेते, मग बोलते. खांदा दुखतो, पण गुडघे अजून चांगले आहेत.